मुलांची चित्रे आणि आपल्या स्पर्धा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार आणि पंचायत राज्य ह्या विषयांच्या रांगेत मुलांच्या चित्रकलेचा विषय पाहून तो जेवणानंतरच्या सुस्तीसाठी योजला असावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. तसे नाही. हा विषय मी मागून घेतला आहे आणि त्यामागे एक ठरावासारखी सूचना आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणाला धक्का बसणार नाही. आपल्या शाखा, अभ्यासिका आणि बालवाड्या वस्त्यावस्त्यांतून मुलांच्या ज्या चित्रकला स्पर्धा भरवतात त्या बंद कराव्यात, आणि त्यांवर खर्ची पडणारा पैसा व श्रम मुलांना चित्र शिकवण्याकडे वळवावेत, अशी ती सूचना आहे. तिचा पूर्वार्ध काहींना पटेल पण उत्तरार्ध पटणार नाही. काहींचे नेमके उलट होईल. म्हणून कारणे सविस्तर सांगणे भाग आहे.

ह्यात अर्थशास्त्राच्या माणसाचे काय काम, असा प्रश्न रास्त आहे. एखादी गोष्ट दुर्मिळ आहे असे कोणी म्हटले, की ती निसर्गतःच दुर्मिळ आहे की तिची टंचाई निर्माण केली गेली आहे, हे विचारण्याची आम्हां लोकांना सवय असते. चित्रकलेविषयी आपल्या समाजात एक पक्का समज आहे. 'त्याच्या हातात कला आहे', 'आमच्या घरात कोणालाच चित्र येत नाही', 'ती देवाची देणगी असते' अशा वाक्यांतून तो रोज व्यक्त होतो. शंभर मुलांत पाच-सात जणांना देणगी मिळालेली असते, उरलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असा त्याचा अर्थ. लिहिण्यावाचण्याविषयी आणि राज्यकारभाराविषयी असेच समज एके काळी प्रतिष्ठित होते, आणि ते कोणाच्या सोयीचे होते हे ह्या सभागृहात सांगण्याची गरज नाही. चित्रकलेपुरता तो समज खरा आहे काय? गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मुलांच्या चित्रांचा जो अभ्यास झाला आहे, त्याच्या आधारे ह्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी देता येते.

ह्या अभ्यासाची सुरुवात मोठी गमतीची आहे. कोर्रादो रिच्ची नावाचा इटालियन कलेतिहासकार पावसापासून आडोसा घ्यायला बोलोन्या शहरातील एका कमानीखाली थांबला असता भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे त्याच्या नजरेस पडली. खालच्या बाजूची चित्रे लहानांची, वरची मोठ्यांची. म्हणजे भिंतीवरची उंची हेच वयाचे माप. जसजसे वर जावे तसतसा हात सुधारत गेलेला आणि विषय मात्र अश्लील होत गेलेले, असेही त्याला आढळले! १८८७ साली त्याने बालकांच्या कलेवर छोटेसे पुस्तक लिहिले. त्याआधी ह्या गिरगोट्यांकडे अभ्यासविषय म्हणून फारसे कोणी पाहिले नव्हते. घाण म्हणून पुसून टाकत. आपल्याकडे अजूनही पुसतात.

साधारण दीड वर्षाचे मूल कोळसा, खडू किंवा नुसते ओले बोट घेऊन जमिनीवर ओरखडे काढू लागते. त्याला कशाचेही चित्र काढायचे नसते. हात फिरला आणि मागे काहीतरी उरले, आपल्या हालचालीची खूण जगावर उमटली, हाच आनंद. ह्या रेघोट्या निरर्थक नसतात. अमेरिकेतील रोडा केलॉग ह्या बालवाडी-शिक्षिकेने लाखोंच्या संख्येने मुलांची चित्रे जमवली आणि त्यांतील प्राथमिक रेघोट्यांचे वीस प्रकार वेगळे केले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गुंडाळा, आणि अखेरीस बंद होणारे वर्तुळ. वर्तुळ बंद होणे ही मोठी घटना आहे, कारण त्यामुळे कागदाला 'आत' आणि 'बाहेर' मिळते. केलॉगबाईंचे काही दावे पुढच्या अभ्यासकांनी जसेच्या तसे मान्य केले नाहीत. परंतु रेघोट्यांतही क्रम असतो ही गोष्ट टिकून राहिली.

त्यानंतरची वाटचाल सर्वांत चांगली टिपली ती फ्रान्समधील जॉर्ज-आंरी ल्युके ह्यांनी. त्यांनी आपल्या सिमोन नावाच्या मुलीची चित्रे वर्षानुवर्षे जपून ठेवली, १९१३ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला आणि १९२७ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. आधी मूल रेघोट्या काढते आणि मग त्यांत त्याला काहीतरी दिसते: 'हा काऊ!' म्हणजे नाव मागाहून येते. पुढे नाव आधी येते. मूल ठरवून काढू पाहते, पण वेगवेगळे भाग जुळत नाहीत, डोळे चेहऱ्याबाहेर पडतात. ह्याच सुमारास तो प्रसिद्ध माणूस अवतरतो: एक वर्तुळ, त्यात दोन डोळे, आणि वर्तुळातूनच निघालेले दोन पाय. पोट नाही, मान नाही, हात असलेच तर डोक्यातून फुटलेले. बेडकाच्या पिलासारखा हा माणूस जगाच्या पुष्कळ भागांत तीन-चार वर्षांच्या मुलांनी काढलेला आढळतो.

साधारण पाच ते आठ ह्या वयात जे घडते त्याला ल्युके बौद्धिक वास्तववाद म्हणतात. ह्या वयातील मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला ठाऊक असते ते काढते. बैलगाडी बाजूने पाहिली तर एकच चाक दिसते. मूल दोन्ही काढते, कारण एका चाकाची गाडी चालणार कशी? घराच्या भिंतीतून आतली चूल दिसते, आईच्या पोटात बाळ दिसते. चौघे कॅरम खेळत असतील तर मधे चौकोन आणि चारी बाजूंना चौघे चार दिशांना पाय पसरून निजलेले. मोठी माणसे हसतात. मात्र पाटाचा आराखडा काढणारा अभियंता आणि गावनकाशा काढणारा भूमापक हे दोघेही नेमके हेच करतात, ह्याचा त्यांना विसर पडतो.

१९७२ मध्ये नॉर्मन फ्रीमन ह्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह एक साधा प्रयोग केला. मुलांसमोर एक कप असा ठेवला की त्याचा कान पलीकडे वळलेला, त्यामुळे दिसत नाही; कपावरचे फूल मात्र समोर दिसते. पाच ते सात वर्षांच्या मुलांनी न दिसणारा कान काढला, आणि कित्येकांनी दिसणारे फूल गाळले. कानाशिवाय कप कसला? फूल काय, असले किंवा नसले. आठ वर्षांच्या पुढची मुले दिसेल तसे काढू लागली. येथवर ल्युके ह्यांचे म्हणणे सिद्ध झाले असे वाटते. पण १९८३ मध्ये ॲलिसन डेव्हिस ह्यांनी ह्या प्रयोगात एक बदल केला. त्यांनी दोन कप शेजारीशेजारी ठेवले, एकाचा कान दिसणारा आणि दुसऱ्याचा न दिसणारा. तेव्हा लहान मुलांपैकीही पुष्कळांनी दुसऱ्या कपाचा कान गाळला! म्हणजे त्यांना दिसत नव्हते असे नाही, आणि काढता येत नव्हते असेही नाही. एकच कप असताना 'हा कप आहे' एवढे सांगायचे होते. दोन असताना त्यांतला फरक सांगायचा होता.

मला ह्यातला अर्थ फार महत्त्वाचा वाटतो. लहान मुलाचे चित्र हे छायाचित्राचा फसलेला प्रयत्न नसून ते निवेदन असते. आपल्या ठाणे-पालघरकडच्या वारल्यांत लग्नाचा चौक काढणे ह्याला 'लिहिणे' म्हणतात. मुलांच्या चित्रांनाही तोच शब्द शोभतो. आणि सांगण्याची ही शक्ती शंभरातल्या पाचांनाच असते, असे कोणत्याही अभ्यासात आढळलेले नाही. आठ वर्षांपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल, साधन मिळाले तर, चित्र काढते. मग पंधराव्या वर्षी शंभरातील नव्वद जण 'मला चित्र येत नाही' असे का म्हणतात? मधल्या काळात कुठेतरी ही शक्ती हरवते.

ही जागा म्हणजे नववे ते अकरावे वर्ष. काही वर्षांपूर्वी ऊसतोड कामगारांच्या उचलीच्या हिशेबांची माहिती घेण्यासाठी मी एका साखर कारखान्याच्या तळावर गेलो होतो. कोप्यांच्या ओळीपलीकडे शाळेची पडवी होती आणि तिच्या भिंतीवर मुले कोळशाने चित्रे काढत होती. सात-आठ वर्षांच्या एका मुलीने टायरगाडी काढली होती, चाके अर्थातच दोन्ही. आईच्या डोक्यावर आईहून मोठी मोळी, आणि सगळ्यांत मोठा मुकादम, हातात वही घेतलेला. उंचीचे प्रमाण चुकले होते असे ज्याला म्हणायचे असेल त्याने म्हणावे. तिच्या शेजारी दहा-अकरा वर्षांचा तिचा भाऊ उसाने भरलेला ट्रक काढत होता. त्याला ट्रक बाजूने सपाट नको होता. रस्त्याने दूर जाताना मागून आणि किंचित बाजूने जसा दिसतो तसा हवा होता. त्याने तीनदा रेघ मारली आणि तीनदा तळहाताने पुसली. ट्रकची बाजू काही केल्या 'आत' जाईना. शेवटी 'न्हाई येत' म्हणून त्याने कोळसा फेकला आणि तो निघून गेला. दूरची कड आखूड काढायची आणि वरची रेघ खाली, खालची रेघ वर झुकवायची, हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. सांगणारे तेथे कोणी नव्हते. चित्र मलाही येत नाही, पण तेवढे ठाऊक होते. मी त्याला हाक मारून आणले आणि दाखवले. पुढे काय झाले ते मला माहीत नाही, कारण दुसऱ्या दिवशी ती टोळी दुसऱ्या फडावर गेली.

त्या मुलाला जे झाले त्याचे वर्णन रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की ह्यांनी १९३० साली, बालवयातील कल्पनाशक्ती व सर्जनशीलता ह्यांवरच्या छोट्या पुस्तकात केले आहे. चार वर्षांनी, अवघ्या सदतिसाव्या वर्षी ते वारले. त्यांचे म्हणणे असे की, ह्या वयात मुलाची चिकित्सक बुद्धी त्याच्या हाताच्या पुढे जाते. आपले चित्र चूक आहे हे त्याला दिसू लागते, आणि बरोबर कसे करावे हे मात्र समजत नाही. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि नाझींमुळे अमेरिकेत गेलेले विक्टर लोवेनफेल्ड ह्यांनीही १९४७ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात हाच टप्पा दाखवला आहे. म्हणजे कोळसा फेकणारा मुलगा बुद्धीने मागे पडलेला नसून पुढे गेलेला आहे. त्याची मागणी वाढली आहे; पुरवठा नाही. ज्याच्या बापाला महिन्याचे शुल्क भरून त्याला चित्रकलेच्या वर्गाला पाठवता येते, त्याला ती दोन मिनिटे मिळतात. मग तोच मुलगा 'हातात कला असलेला' ठरतो.

हाताची देणगी हा वारशाचा भाग नसून पुष्कळ अंशी सरावाचा आणि संस्कृतीचा भाग आहे, ह्याचा एक पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला आहे. फ्लोरेन्स गुडइनफ ह्या अमेरिकन विदुषीने १९२६ मध्ये 'माणसाचे चित्र काढा' ही चाचणी तयार केली. चित्रात डोळे, बोटे, कपडे, सांधे असे किती तपशील आहेत ते मोजून मुलाची बुद्धी ठरवायची. भाषा लागत नाही, तेव्हा ही चाचणी सर्व संस्कृतींना सारखीच लागू पडेल अशी अपेक्षा होती. आपल्याकडेही प्रमिला फाटक ह्यांनी भारतीय मुलांसाठी तिचे रूप सिद्ध केले. पण १९४२ मध्ये वेन डेनिस ह्यांनी अमेरिकेतील हॉपी आदिवासी मुलांवर ती चाचणी घेतली, तेव्हा मुलग्यांचे गुण मुलींपेक्षा बरेच वर गेले. हॉपी मुली मंदबुद्धीच्या होत्या काय? मुळीच नाही. हॉपी समाजात चित्रकाम परंपरेने पुरुषांकडे असते, एवढेच. पुढे डेनिस ह्यांनी जगभरचे निष्कर्ष एकत्र मांडले. जेथे चित्रे काढण्याची रीत आहे तेथे गुण भरघोस, आणि ज्यांच्या जीवनात चित्र जवळजवळ नाही अशा भटक्या बदाउनी अरबांची मुले अगदी तळाशी. बुद्धी मोजायला निघालेल्या पट्टीने सराव मोजला!

वारल्यांत ह्याच्या उलट स्थिती होती. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे ह्यांनी कागद-कापड हाती घेऊन ही कला जगभर नेली, तेव्हा पुरुषाने चित्र काढणे हीच नवलाची गोष्ट होती. आणि आपल्या अंगणातले काय? ठिपक्यांची रांगोळी काढणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी पंधरा गुणिले पंधरा ठिपके डोळ्यांच्या अंदाजाने सारख्या अंतरावर घालते आणि हात न उचलता त्यांतून वेल फिरवते. भूमितीचा एवढा सराव तिच्या भावाने वहीत कधी केलेला नसतो. मात्र शाळेच्या प्रगतिपुस्तकात तिच्या ह्या कौशल्याला रकाना नाही.

आता प्रश्न येतो तो शिकवण्याचा, आणि येथे आपल्या चळवळीतील पुष्कळांचे माझ्याशी जमणार नाही. मुलांना चित्र शिकवू नये, मोकळे सोडावे, असे आपण मानतो. ह्या मताला सबळ कारण आहे. आपल्याकडे शाळेत चित्रकला आली ती इंग्रजी राजवटीत, १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर तेथे रूढ झालेल्या पद्धतीने. कारखानदारीला उपयोगी पडेल असा कारागिरांचा हात तयार करायचा, म्हणून छापील नमुन्यावरून रेघेला रेघ उतरवायची. जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा निघाली तीही ह्याच हवेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती ही आपल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांची विभागणी त्याच घराण्यातली. ह्या परीक्षांनी खेड्यापाड्यांतील कित्येक गरीब मुलांना रंगारी, शिक्षक, चित्रकार केले हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दहावीला श्रेणीनुसार वाढीव गुण मिळू लागल्यापासून त्यांच्याभोवतीही शिकवण्यांचा बाजार उभा राहिला आहे.

ह्या नक्कलछाप पद्धतीविरुद्ध व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक ह्यांनी १८९७ मध्ये मुलांचा मुक्त वर्ग सुरू केला. बालकला ही स्वतंत्र कला आहे, तीत मोठ्यांनी लुडबूड करू नये, असे त्यांचे सांगणे. केवढा मोठा विचार! पण त्या वर्गातील प्रकाशित चित्रे पाहिली तर ती एकमेकांसारखी आणि त्या काळच्या व्हिएन्नातील नक्षीदार शैलीसारखी दिसतात. मोकळे सोडलेले मूल पोकळीत नसते. ते भोवतालच्या प्रतिमांतून शिकतच असते. अमेरिकेतील ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन ह्या दांपत्याने १९७७ मध्ये हेच दाखवून दिले: मोठ्या मुलांच्या चित्रांतील आकृत्यांचे मूळ शोधत गेले तर ती चित्रकथा, दूरदर्शन, मोठ्या भावंडांची चित्रे ह्यांपर्यंत पोहोचते. तेव्हा आपण शिकवले नाही तर कोणी शिकवणार नाही, असे होत नाही. बाजार शिकवतो. आज बाजारात आयत्या बाह्यरेषांच्या रंगवायच्या वह्या आहेत, आणि आता तर बोटाने दाबताच रंग भरणारा मोबाइल आहे.

ह्या वादावर व्हिगोत्स्की ह्यांनी टॉल्स्टॉयच्या निमित्ताने जे लिहिले आहे ते आपण मुद्दाम ऐकावे, कारण टॉल्स्टॉय आपल्या घरचे आहेत. यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेत शेतकऱ्यांच्या मुलांनी रचलेल्या कथा पाहून टॉल्स्टॉय थक्क झाले आणि १८६२ साली त्यांनी लिहिले की, आपण ह्या मुलांना शिकवण्याऐवजी त्यांच्याकडूनच शिकावे. मूल जन्मतः परिपूर्ण असते, शिक्षण त्याला बिघडवते. व्हिगोत्स्की आदराने पण स्पष्टपणे म्हणतात की, टॉल्स्टॉय प्रत्यक्षात ह्याच्या उलट करत होते. ते मुलांबरोबर बसून लिहीत होते, काय घ्यावे काय गाळावे हे त्यांच्याशी बोलत होते, म्हणजे शिकवतच होते. फक्त उत्तम शिकवत होते. कल्पना शून्यातून येत नाही, ती अनुभवातून आणि हाती आलेल्या साधनांतून येते, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. ज्याचा अनुभव तोकडा ठेवला त्याची कल्पनाही तोकडी राहणार.

वयाचे भान मात्र ठेवले पाहिजे. 'अन्टु धिस लास्ट' लिहिणारे रस्किन १८५४ पासून लंडनच्या कामगार महाविद्यालयात मजुरांना रेखाटन शिकवीत होते. ते प्रौढांकडून कसून मेहनत घेत आणि लहान मुलांना मात्र स्वस्त रंग देऊन खुशाल गिरगटू द्यावे असे सांगत. गांधीजींनी तर, अक्षरे गिरवण्याआधी मुलाने चित्र काढायला शिकावे, असे आत्मकथेत लिहिले आहे. सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेत १९४४ पासून शांतिनिकेतनचे देवीप्रसाद ह्यांनी हा विचार प्रत्यक्षात आणला. सूत, माती, पानाफुलांचे रंग आणि कागद हे एकाच शिक्षणाचे भाग मानले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पाने, दगड ह्यांतून बालवाडीची साधने उभी केली. तेव्हा पैसा नाही ही सबब आपल्याला तरी शोभत नाही.

शिकवणे आणि स्वातंत्र्य ह्यांचा मेळ अत्यंत भीषण परिस्थितीत एका स्त्रीने घातला, ती हकिकत येथे सांगितली पाहिजे. फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस ह्यांचा जन्म १८९८ चा, व्हिएन्नाचा. त्या चिझेकच्या वर्गात आणि नंतर जर्मनीतील बाउहाउस कलाशाळेत शिकल्या. डाव्या चळवळीत होत्या, फॅसिझमविरोधी भित्तिपत्रके त्यांनी केली, १९३४ मध्ये त्यांना अटकही झाली. ज्यू असल्याने डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना तेरेझीनच्या छावणीत धाडण्यात आले. मोजकेच सामान नेण्याची मुभा होती. त्यात त्यांनी चित्रांचे साहित्य भरले. छावणीतील मुलांच्या वसतिगृहांत त्यांनी वर्ग चालवले. कागद म्हणजे कचेऱ्यांतले वापरलेले फॉर्म, त्यांची कोरी पाठ. त्या मुलांना मोकळे सोडत, पण नुसते सोडून देत नसत. हात सैल करणारे लयीचे सराव घेत, समोरच्या वस्तू पाहायला लावत, थोर चित्रकारांच्या चित्रांच्या प्रतिकृती दाखवून फाटक्या कागदांच्या तुकड्यांतून त्यांची रचना समजावून देत. चित्रे स्पर्धेसाठी नव्हती. चित्रावर मुलाने आपले नाव मात्र लिहायचेच, असा त्यांचा दंडक होता. छावणीत माणसाला क्रमांक असे, नाव नसे. १९४३ मध्ये तेथेच त्यांनी मुलांच्या चित्रांवर शिक्षकांपुढे व्याख्यान दिले. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला त्यांची हत्या झाली. जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली होती. ती युद्धानंतर हाती आली आणि आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. काढणारी बहुतेक मुले मारली गेली. चित्रांत छावणी आहेच. पण घरे, फुले, फुलपाखरे, जेवणाची टेबले त्याहून जास्त आहेत. काळा रंग दिसला की मूल दुःखी आणि पिवळा दिसला की सुखी, असे झटपट निदान करणाऱ्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत.

आता आपल्या स्पर्धांकडे वळतो. पंधरा ऑगस्टला किंवा साने गुरुजी जयंतीला मैदानात दोनशे मुले बसतात, फळ्यावर 'पाणी वाचवा' किंवा 'सर्वधर्मसमभाव' असा विषय लिहिला जातो, दीड तासाने कागद गोळा होतात, तीन ढाली आणि पाच उत्तेजनार्थ बक्षिसे दिली जातात. एकशे ब्याण्णव मुले हरून घरी जातात. विषय आपले, घोषणा आपल्या, मुलांनी फक्त रंग भरायचे. हा राजकीय संस्कार आहे असे आपण समजतो. ती आज्ञापालनाची तालीम आहे.

बक्षिसाने हुरूप येतो, असे उत्तर मिळेल. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाही आम्ही हेच शिकवतो: मोबदला वाढवा, पुरवठा वाढेल. परंतु १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या, मुळात चित्रांची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितले की चित्रे काढलीत तर सोनेरी शिक्क्याचे, फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, मागाहून अचानक ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी बालवाडीत मोकळ्या वेळी रंग ठेवून, कोण स्वखुशीने किती वेळ चित्रे काढतो ते नोंदवले. ज्यांना आधी आमिष दाखवले होते ती मुले इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्रे काढताना आढळली. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रेही कमी प्रतीची ठरली होती. जे खेळ होते ते काम झाले, आणि मजुरी थांबल्यावर काम थांबले. रक्तदानाला पैसे दिले की त्या दानाचे काय होते हे ब्रिटिश समाजवादी टिटमस ह्यांनी १९७० मध्ये मांडले होते. ती चर्चा आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. बक्षीस मिळवणाऱ्या मुलाचेच नुकसान असे होत असेल, तर हरलेल्यांचे काय होत असेल?

सरकारकडून ह्या बाबतीत किती अपेक्षा करावी? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि पट शंभरावर असेल तरच. म्हणजे कोळसा फेकला जातो त्या चौथी-पाचवीच्या वयाला तो निदेशक नाही, आणि वाडी-पाड्यावरच्या छोट्या शाळेला कधीच नाही. ही तरतूद बदलून घेण्याची मागणी आपल्या शिक्षक संघटनांनी लावून धरावी. तोवर थांबून मात्र चालणार नाही.

एका स्पर्धेला ढाली, मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा हार आणि फलक धरून काय खर्च येतो तो आपापल्या शाखेने वहीत पाहावा. तेवढ्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्षभर चित्रांचा वर्ग चालतो. वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत रिळाच्या शेवटी कोरा कागद उरतो, तो वजनावर स्वस्तात मिळतो. कोळसा, गेरू, चुना आणि खडू ह्यांना फारसे काही पडत नाही. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना कागद मोठा द्यावा, विषय देऊ नये, रबर देऊ नये, आणि 'हे काय काढलेस?' असे न विचारता 'ह्याच्याबद्दल सांग' असे म्हणावे. नऊच्या पुढच्या मुलांना मात्र शिकवावे: लांबचे लहान का दिसते, सावली कोणत्या बाजूला पडते, धावणाऱ्या माणसाचा गुडघा कुठे वाकतो. नक्कल करू पाहणाऱ्याला करू द्यावी, फक्त एकाच चित्राची नको, चार वेगवेगळ्या शैलींची. वस्तीतला पाट्या रंगवणारा, सुतार, गवंडी, रांगोळी काढणारी आजी हे ह्या कामी एखाद्या पदवीधराहून कमी नाहीत. त्यांना मानधन द्यावे, फुकट राबवू नये. चित्रे निवडून टांगू नयेत, सगळी टांगावीत, आणि मुलाच्या नजरेच्या उंचीवर. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख घालावी. नाव मुलाने स्वतः लिहावे. अक्षरे येत नसतील तर त्याने आपली एक खूण ठरवावी, आणि ती खूण कोणाची हे वर्ग घेणाऱ्याने एका वहीत नोंदवून ठेवावे.